वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी कोल्ड ब्रू कॉफी

कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात कित्येक तास भिजवून केलेल्या कॉफीविषयी वाचकांकडून आलेली पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. कॉफी किती तास भिजत ठेवायची, हे जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे. परंतु पूड किती भरड होती, कॉफी आणि पाणी मोजून घेतले होते की अंदाजाने, याचा उल्लेख फार थोड्या पत्रांत आहे. माझे स्पष्ट मत असे की, या कॉफीचे बरेवाईट तासांपेक्षा दळण आणि वजन यांवर कितीतरी अधिक ठरते. तास थोडे पुढेमागे झाले तरी कॉफी सांभाळून घेते, दळण चुकले की मात्र सांभाळून घेत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : गरम पाण्यात केलेली कॉफी फ्रीजमध्ये ठेवून गार केली, तरी तीही गार कॉफीच झाली. मग कोल्ड ब्रूसाठी रात्रभर थांबण्याचे कारण काय?

उत्तर : पिताना दोन्ही पेयांचे तापमान सारखे असले, तरी पाण्याने पुडीतून काय काय ओढून घेतले आहे, ते सारखे नसते. ९० अंश सेल्सिअसच्या पुढचे पाणी आम्ले, कडवट द्रव्ये, सुगंधी द्रव्ये आणि तेलाचा अंश काही मिनिटांतच बाहेर काढते. गार पाणी हेच काम संथपणे आणि अपुरे करते. कॅफीन आणि सहज विरघळणारे बरेचसे पदार्थ त्यात उतरतात, मात्र ज्यांना विरघळण्यासाठी उष्णता लागते, ती कडवट आणि तुरट द्रव्ये मोठ्या प्रमाणात चोथ्यातच राहून जातात. त्यामुळे कोल्ड ब्रूची चव गोलसर आणि मऊ लागते, जिभेवर टोचत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गरम कॉफीचा जो दरवळ आपल्याला स्वयंपाकघरात शिरताच जाणवतो, तो उष्णतेने मोकळ्या झालेल्या सुगंधी द्रव्यांचा असतो, आणि गार पाण्यात ही द्रव्ये कमी उतरतात. म्हणून फुलांसारखा किंवा फळांसारखा नाजूक सुवास हे ज्या बियांचे वैशिष्ट्य आहे, त्यांचे चीज कोल्ड ब्रूमध्ये पूर्णपणे होत नाही. अशा बियांसाठी गरम कॉफी थेट बर्फावर गाळण्याची, जपानमध्ये रूढ असलेली पद्धत मला अधिक योग्य वाटते. ३० ग्रॅम पुडीला एकूण ५०० ग्रॅम पाणी लागणार असेल, तर त्यांपैकी २०० ग्रॅमचा बर्फ खालच्या भांड्यात ठेवावा आणि उरलेले ३०० ग्रॅम गरम पाणी पुडीवर सावकाश ओतावे. कॉफी गाळता गाळताच गार होते आणि तिचा सुवास बराचसा तिच्यातच राहतो. गरम कॉफी नुसतीच तासन्‌तास ठेवून गार केली, तर तेवढ्या वेळात सुवास उडून जातो, शिवाय त्यातील द्रव्यांमध्ये बदल होत राहिल्याने आंबटपणा आणि कडवटपणा वाढतो. पत्रात सुचवलेल्या मार्गाने कॉफी गार होते हे खरे, परंतु दोन्ही पद्धतींचे गुण त्यात हरवतात.

प्रश्न : कॉफी आणि पाणी यांचे नेमके प्रमाण काय असावे? एके ठिकाणी एकास चार, दुसरीकडे एकास पंधरा असे वाचले. इतका फरक कसा?

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. एकास चार ते एकास आठ या प्रमाणात जे तयार होते तो अर्क असतो. तो पाणी किंवा दूध मिसळून प्यायचा असतो. एकास बारा ते एकास सोळा या प्रमाणात केलेली कॉफी गाळून तशीच पिता येते.

घरच्यासाठी एकास आठ हे प्रमाण मी सुचवीन. १०० ग्रॅम पूड आणि ८०० मिलिलिटर पाणी घेतले, तर गाळल्यानंतर साधारण ६०० मिलिलिटर अर्क हाती येतो, कारण भिजलेला चोथा आपल्या मूळ वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो. या अर्कात तेवढेच पाणी मिसळले की तयार पेयाचे प्रमाण एकास सोळाच्या जवळ येते आणि ते बहुतेकांना रुचते. ज्यांना अधिक दाट हवी असेल त्यांनी पाणी कमी घालावे. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ५० ग्रॅम पूड आणि ४०० मिलिलिटर पाणी एवढ्यावरच सुरुवात करावी, म्हणजे चव जमली नाही तरी फारसे वाया जात नाही. एकास चार या प्रमाणाचा मोह मात्र घरी टाळावा. पुष्कळ पूड लागते, त्या दाट लगद्यात पाणी सगळीकडे सारखे पोहोचत नाही आणि घातलेल्या पाण्याचा निम्मा भाग चोथ्यातच अडकून बसतो.

वजनकाटा नसेल तर काय, असेही काहींनी विचारले आहे. भरड पुडीचा एक मोठा चमचा सपाट भरला, तर त्यात ५ ते ६ ग्रॅम पूड मावते, असे धरून चालता येईल. परंतु बारीक पूड त्याच चमच्यात अधिक बसते, गडद भाजलेल्या बिया हलक्या असल्यामुळे त्यांची पूड कमी भरते, आणि प्रत्येक वेळी चमचा सारखाच भरला जातो असेही नाही. एकदा छान झालेली कॉफी पुढच्या वेळी तशीच व्हावी असे वाटत असेल, तर स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा कोणत्याही खास कोल्ड ब्रू भांड्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

प्रश्न : माझी कोल्ड ब्रू पाणचट होते आणि तरीही शेवटी जिभेवर कडू, तुरट चव राहते. बिया मी मिक्सरमध्ये दळते. भिजवण्याचे तास वाढवून पाहिले, पण फरक पडत नाही.

उत्तर : आपल्या तक्रारीचे मूळ मिक्सरच्या भांड्यात आहे आणि म्हणूनच तास वाढवून काही उपयोग झाला नाही. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, तर फोडते. जे तुकडे पात्याखाली पुन्हा पुन्हा येतात त्यांची पिठासारखी भुकटी होते आणि जे कडेला उडतात ते अर्ध्या बीइतके मोठे राहतात. दळलेली पूड पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी. मोठे तुकडे, मधले कण आणि बोटाला चिकटणारी तपकिरी धूळ असे तीन प्रकार लगेच वेगळे ओळखू येतील. मोठ्या तुकड्यांच्या आतपर्यंत गार पाणी पुरेसे पोहोचत नाही, म्हणून कॉफी पाणचट लागते. त्याच वेळी धुळीतून जे जे निघण्यासारखे आहे ते सगळे निघते, शिवाय ती गाळणीतून खाली उतरून पेयात तरंगत राहते, म्हणून तुरटपणा येतो. एकाच बरणीत दोन विरुद्ध दोष एकत्र नांदतात ते असे.

यावर खरा उपाय म्हणजे दोन दात्यांमध्ये बी भरडणारे यंत्र. हाताने फिरवायचे लहान यंत्रही पुरते. दाते जेवढ्या अंतरावर लावावेत तेवढ्याच आकाराचे कण त्यातून पडत असल्यामुळे पूड बरीच एकसारखी मिळते. कोल्ड ब्रूसाठी कण साधारण १ मिलिमीटरच्या आसपास, दाणेदार साखरेइतके भरड असावेत. विकत घेतानाच दळून घेणार असाल, तर फ्रेंच प्रेससाठी (दट्ट्याने चोथा खाली दाबायच्या कॉफीच्या भांड्यासाठी) भरड दळून द्यावे असे सांगणे पुरेसे आहे.

मिक्सरच वापरायचा असेल, तर तो सलग चालवू नये. थोड्याच बिया घ्याव्यात, बटण क्षणभर दाबून सोडावे, भांडे हलवून वरचे तुकडे खाली आणावेत आणि पुन्हा क्षणभर दाबावे. त्यानंतर पूड बारीक जाळीच्या गाळणीतून चाळून घ्यावी, खाली पडलेली धूळ बाजूला काढावी आणि वर राहिलेलीच पूड भिजत घालावी. काढून ठेवलेली धूळ वाया जात नाही. ती गरम कॉफीसाठी वापरता येते. चाळल्यानंतर पुडीचे वजन पुन्हा करून मगच पाणी मोजावे, अन्यथा सगळे प्रमाण बिघडते.

प्रश्न : बिया कोणत्या आणि किती भाजलेल्या घ्याव्यात? पाणी उकळून घ्यावे का?

उत्तर : मध्यम किंवा मध्यमपेक्षा थोड्या गडद भाजलेल्या बिया या पद्धतीला मानवतात, त्यांतील कोको, गूळसर गोडवा आणि भाजलेल्या दाण्यांसारखी चव गार पाण्यात चांगली उतरते. फिकट भाजलेल्या बिया अधिक घट्ट असतात आणि गार पाण्यात त्यांची चव कच्चट, गवतासारखी लागण्याची शक्यता असते. त्याच वापरायच्या असतील, तर पुडीच्या दुप्पट वजनाचे गरम पाणी आधी तिच्यावर घालून साधारण अर्धा मिनिट थांबावे आणि मग उरलेले गार पाणी ओतावे. तेवढ्या उष्णतेने सुवास खुलतो.

भाजून एकदोन दिवसच झालेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू भरपूर असतो. तो बाहेर पडताना पूड पाण्यावर उचलून धरतो आणि नीट भिजू देत नाही. अशा बिया काही दिवस थांबून वापरलेल्या बऱ्या.

आपण जे पाणी पितो तेच वापरावे. त्याला क्लोरीनचा वास असेल तर तो कॉफीत हमखास जाणवतो, म्हणून असे पाणी गाळून किंवा उकळून पूर्ण गार करून घ्यावे. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यात कॉफी सपक लागते, कारण चव उतरवून घेण्यास कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा थोडा अंश मदत करतो. फार जड पाण्यात याउलट तिचा आंबूस ताजेपणा दबून जातो.

प्रश्न : नेमके किती तास भिजवावे, आणि बरणी बाहेर ठेवावी की फ्रीजमध्ये? चोवीस तास ठेवल्याने अधिक कडक होते का?

उत्तर : राव आणि फुलर या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोलीच्या तापमानाच्या पाण्यात भिजवलेल्या कॉफीतील कॅफीन आणि क्लोरोजेनिक आम्ल यांचे प्रमाण सहा ते सात तासांत स्थिरावल्याचे आढळले. म्हणजे केवळ कॅफीन वाढावे म्हणून चोवीस तास थांबण्यात काही अर्थ नाही. चवीचा विचार थोडा वेगळा आहे, कारण चव या दोनच पदार्थांनी बनत नाही. खोलीच्या तापमानाला १२ ते १६ तास आणि फ्रीजमध्ये १६ ते २० तास ही मर्यादा मला योग्य वाटते. त्यापुढे जी भर पडते ती बहुतांशी लाकडासारख्या, तुरट चवीची असते.

खोलीचे तापमान २० ते २५ अंशांच्या दरम्यान असेल, तर बरणी झाकून ओट्यावर ठेवण्यास हरकत नाही. त्याहून उष्ण हवेत मात्र ती फ्रीजमध्येच ठेवावी. कोमट पाण्यात सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात, आणि येथे उकळण्याची पायरीच नसल्यामुळे ते मरण्याचा प्रश्नच येत नाही. मी स्वतः ऋतू कोणताही असला तरी फ्रीजच पसंत करतो. चार तास जास्त लागतात, पण मन निश्चिंत राहते.

तासांपेक्षा पहिली दहा मिनिटे अधिक मोलाची आहेत, आणि नेमका त्याच वेळी बरणीकडे कोणी लक्ष देत नाही. कोरड्या पुडीवर पाणी ओतले की ती वर येऊन जाड थर धरते. वरून हा थर ओला आणि काळाभोर दिसतो, परंतु त्यात लांब चमचा घालून तो उलटवला, तर आत फिकट तपकिरी रंगाच्या, पूर्ण कोरड्या गुठळ्या निघतात. या गुठळ्या तशाच राहिल्या, तर त्यांतील कॉफी सकाळपर्यंत जेमतेम ओली होते आणि आपण मोजून घेतलेल्या पुडीचा एक भाग निरुपयोगी ठरतो. म्हणून आधी थोडे पाणी घालून सगळी पूड ओली करून घ्यावी, मग उरलेले पाणी ओतावे, तळापासून हळुवार ढवळावे आणि दहा मिनिटांनी थर पुन्हा एकदा खाली दाबावा. त्यानंतर गाळेपर्यंत बरणीला हात लावू नये; वारंवार घुसळल्याने कण झिजून गाळ वाढतो.

बरणी काचेची किंवा स्टेनलेस स्टीलची, रुंद तोंडाची आणि घट्ट झाकणाची असावी. प्लास्टिकला जुने वास चिकटून राहतात, आणि फ्रीजमधील इतर वास शोषून घेण्यात कॉफी पुढे असते, म्हणून झाकण महत्त्वाचे आहे.

प्रश्न : गाळायला फार वेळ लागतो. कागदी फिल्टर तुंबतो आणि फडक्यातून गाळले तर तळाला चिखलासारखा गाळ येतो.

उत्तर : हे काम दोन टप्प्यांत केले की दोन्ही त्रास टळतात. गाळण्यापूर्वी बरणी अर्धा तास स्थिर ठेवावी, म्हणजे बराचसा चोथा खाली बसतो. मग बारीक जाळीच्या गाळणीतून वरचा अर्क सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतावा आणि शेवटी दाट चोथा गाळणीवर घेऊन त्यातील पाणी आपोआप निथळू द्यावे. या पहिल्या गाळणीने भरड चोथा वेगळा होतो. दुसऱ्या वेळी तोच अर्क, पाण्याने ओल्या केलेल्या कागदी फिल्टरमधून किंवा चौपदरी मलमलीतून गाळावा. कागद तुंबतो तो बारीक धुळीमुळे. भांड्याच्या तळाशी राहिलेला शेवटचा गढूळ घोट कागदावर ओतलाच नाही, तर काम पुष्कळ लवकर उरकते. तो घोट टाकून द्यावा. त्यात चवीपेक्षा गाळच अधिक असतो.

फडके पिळण्याचा मोह होतो, आणि येथेच चांगली कॉफी बिघडते. पिळल्याने दोन घोट अर्क जास्त मिळतो खरा, परंतु कापडाने अडवून धरलेली सगळी धूळ त्याबरोबर खाली उतरते. फ्रेंच प्रेसमध्ये कॉफी भिजवणाऱ्यांनीही दट्ट्या तळापर्यंत जोराने दाबू नये; तो पृष्ठभागाच्या किंचित खाली नेऊन अर्क ओतून घ्यावा. कापड साबणाने धुऊ नये, कारण साबणाचा वास पुढच्या खेपेला कॉफीत उतरतो. साध्या पाण्यात खळबळून, उकळून आणि पूर्ण वाळवून ते ठेवावे.

कागदी फिल्टरचा आणखी एक फायदा आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल हे घटक असतात आणि ते रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. कागद त्यांतील बहुतेक भाग अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. ज्यांना कोलेस्टेरॉलची काळजी आहे त्यांनी दुसरी गाळणी कागदातूनच करावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना आम्लपित्ताचा त्रास आहे. कोल्ड ब्रूमध्ये आम्ल नसते, म्हणून ती त्यांना चालेल, असे आम्हाला कोणी सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : कोल्ड ब्रूमध्ये आम्ल नसते, हे विधान चुकीचे आहे. वर उल्लेखिलेल्या संशोधकांनीच २०१८ मध्ये गरम आणि गार पद्धतीने केलेल्या कॉफीची तुलना प्रसिद्ध केली. तीत दोन्ही प्रकारांचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता अधिक) जवळजवळ सारखाच, म्हणजे ४.८५ ते ५.१३ या दरम्यान आढळला. फरक होता तो एकूण आम्लाच्या साठ्यात. गरम कॉफीत तो अधिक भरला. जिभेला कोल्ड ब्रू कमी आंबट लागते याचा काही उलगडा यातून होतो, परंतु ती पोटाला सोसेल, अशी हमी त्यातून मिळत नाही. शिवाय आम्लपित्ताचा त्रास केवळ पेयातील आम्लाने होतो असे नाही. कॉफीमुळे पोटात आम्ल स्रवण्यास चालना मिळते, आणि ती गार पाण्यात केली म्हणून हा परिणाम नाहीसा होत नाही. वडिलांच्या डॉक्टरांना विचारावे. त्यांनी परवानगी दिली, तर पुरेशी पातळ करून, जेवणानंतर, थोड्या प्रमाणात देऊन पाहावी. उपाशीपोटी देऊ नये.

प्रश्न : कोल्ड ब्रू प्यायल्यावर रात्री झोप येत नाही. हिच्यात कॅफीन जास्त असते का?

उत्तर : अर्क पुरेसा पातळ न करता प्यायल्यास निश्चितच जास्त जाते. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाच्या बियांमध्ये वजनाच्या सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टामध्ये सुमारे २.२ टक्के कॅफीन असते. ५० ग्रॅम अरेबिका पुडीत त्यानुसार ६०० मिलिग्रॅम कॅफीन आले. ते सगळेच्या सगळे ४०० मिलिलिटर पाण्यात उतरले असे मानले, तरी १०० मिलिलिटर अर्कात जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम असेल. प्रत्यक्षात थोडे कमीच. हाच अर्क रोबस्टाचा असेल, तर हा आकडा २७५ च्या घरात जातो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत, तर गर्भवती स्त्रियांसाठी दिवसभरात २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन सुरक्षित मानले आहे.

येथे आपण मोठा पेला भरून अर्कच पीत असाल, तर झोप उडण्याचे कारण वेगळे शोधायला नको. चव मऊ असल्यामुळे कडकपणा जाणवत नाही, आणि गार असल्याने पेला लवकर संपतो. शरीरातील निम्मे कॅफीन निघून जाण्यास साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून अधिक. त्यामुळे दुपारनंतर ही कॉफी न पिणे बरे. बरणीवर ‘अर्क, पातळ करून प्यावा’ अशी चिठ्ठी लावण्याची सवय ठेवावी. घरातील दुसरे कोणी अजाणता पेला भरून पिऊ नये, यासाठी ती आवश्यक आहे.

प्रश्न : इन्स्टंट कॉफी किंवा चिकोरी मिसळलेली पूड या पद्धतीने वापरता येईल का?

उत्तर : इन्स्टंट कॉफी म्हणजे आधीच काढून वाळवलेला अर्क, ती गार पाण्यात ढवळली की विरघळते, भिजत ठेवून तिच्यात काहीच भर पडत नाही. चिकोरी मिसळलेली पूड वापरता येते, परंतु चिकोरी पाण्यात भराभर उतरत असल्यामुळे रंग फार लवकर गडद होतो आणि कॉफी दाट झाली आहे असा समज होतो. चिकोरीत कॅफीन नसते. शिवाय अशी तयार पूड बहुधा बारीक असते, त्यामुळे तास कमी ठेवावेत आणि कागदातून गाळावी.

प्रश्न : दूध, साखर आणि बर्फ कसे घालावे? आणि ही कॉफी गरम करून प्यायली तर बिघडते का?

उत्तर : साखर गार पेयात लवकर विरघळत नाही आणि तळाशी बसते. समान वजनाची साखर आणि पाणी गरम करून केलेला पातळ पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला, तर तो हवा तेवढा घालता येतो. दूध घालायचे असेल तर पाणी घालू नये. अर्क आणि थंड दूध समप्रमाणात घ्यावे. बर्फ वितळून पेय पातळ होणार हे लक्षात घेऊन मिसळायचे पाणी कमी ठेवावे, किंवा थोड्या पातळ केलेल्या कॉफीचेच बर्फाचे खडे करून तेच वापरावेत. दुसरा उपाय मला अधिक आवडतो, कारण शेवटचा घोटही पहिल्यासारखाच लागतो.

गरम प्यायची असल्यास अर्कात गरम पाणी ओतावे. अर्क स्वतः उकळू नये; ज्या कडवटपणापासून तो रात्रभर जपला तोच उकळल्याने येतो.

प्रश्न : तयार अर्क किती दिवस टिकतो? प्रवासासाठी बाटलीत घट्ट बंद करून बाहेर ठेवता येईल का?

उत्तर : गाळलेला, पाणी न मिसळलेला अर्क स्वच्छ बाटलीत, ४ ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली, एक आठवडा चांगला राहतो. त्यानंतर सुवास झपाट्याने उतरतो. पाणी मिसळलेली कॉफी दोनतीन दिवसांत आणि दूध मिसळलेली त्याच दिवशी संपवावी. गाळण्यापूर्वी चोथ्यासह ती साठवून ठेवू नये.

प्रवासाच्या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे ‘नाही’ असे देतो. कॉफीचा सामू ५ च्या आसपास असतो, आणि ४.६ पेक्षा अधिक सामू असलेल्या पदार्थांत, हवा नसलेल्या बंद बाटलीत आणि उबेत, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. हे विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. विकत मिळणाऱ्या, फ्रीजबाहेर टिकणाऱ्या बाटल्यांवर उष्णतेची किंवा अन्य प्रमाणित प्रक्रिया केलेली असते. घरी ती सोय नसते. प्रवासात न्यायचीच असेल, तर बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये न्यावी आणि काही तासांत संपवावी. आंबूस वास, वर फेस किंवा झाकण उघडताना वायू सुटल्याचा आवाज, यांपैकी काहीही आढळल्यास चाखून न पाहता कॉफी ओतून द्यावी. असे काहीच आढळले नाही, तरी बाहेर राहिलेली जुनी बाटली सुरक्षित आहे असे समजू नये.

प्रश्न : एकदा भिजवलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरी खेप काढता येईल का?

उत्तर : काढू नये. उतरण्यासारखे होते ते पहिल्या खेपेतच उतरलेले असते. मागे जे राहिले आहे त्यातून फिकट, लाकडासारख्या चवीचे पाणी मिळते, आणि आधीच अनेक तास ओला राहिलेला चोथा पुन्हा तेवढाच वेळ भिजवणे आरोग्याच्या दृष्टीनेही बरे नाही. चोथा मोरीत ओतला तर नळी तुंबते. तो वाळवून कंपोस्टमध्ये इतर ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर मिसळावा. कुंडीतल्या मातीवर थेट जाड थर देऊ नये, कारण त्याची खपली धरते आणि पाणी खाली झिरपत नाही. बरणी रिकामी झाली की तिचे झाकण आणि झाकणातील रबरी कडी वेगळी करून गरम पाण्याने धुवावी, कारण कॉफीचे तेल तेथेच साचते आणि पुढच्या खेपेला खवट वास देते.